एन्झाइमची बाटली भुरीवर चालली, मग डाऊनीवर का नाही?

गोदाकाठ
मंडळी, राम राम. बरेच दिवस वाचनमात्र होतो. नुकसान झालं म्हणून आज लिहायला बसलोय.

निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ८ ऑक्टोबरला घेतली. फूट चांगली निघाली, फेलफूट काढून झाली, घड दिसायला लागले आणि नेमका दोन दिवस पाऊस. तो उघडला तर रोज सकाळी साडेनऊपर्यंत दव. अशा दिवसांत बागायतदाराला झोप कशी लागते ते इथल्या अर्ध्या लोकांना ठाऊक आहे.

दुकानदार ओळखीचा. त्याने नेहमीच्या औषधांबरोबर एक बाटली पुढे सरकवली. म्हणाला, "दादा, झाडापासून काढलेलं एन्झाइम आहे, बुरशीची भिंतच विरघळवतं. फळावर औषधाचा अंश, म्हणजे रेसिड्यू, राहायची भानगड नाही." मलाही मोह झाला, कारण गेल्या हंगामात दिंडोरीला माझ्या मेव्हण्याने हेच भुरीवर, म्हणजे पानावर राखेसारख्या बसणाऱ्या रोगावर, मारलं होतं आणि त्याची बाग स्वच्छ राहिली होती. ऐकीव नाही, मी स्वतः पाहिली.

एका एकरात डाऊनीचं, म्हणजे केवड्याचं, नेहमीचं औषध थांबवलं आणि पाच दिवसांच्या अंतराने दोनदा फक्त हे मारलं. बाकी अडीच एकर नेहमीप्रमाणे. आज त्या एकरात पानांवर तेलकट डाग आहेत, पान उलटलं की पांढरा कापूस, आणि निम्म्याहून जास्त घड तपकिरी होऊन वाळलेत. उरलेल्या बागेत डाग तुरळक, घड शाबूत.

मी फसलो का? फसलो असेन तर मेव्हण्याची भुरी कशी आटोक्यात आली?

शेंडाखुड्या
दादा, वाईट वाटलं. बाटलीवर नेमकं काय छापलंय ते शब्दाला शब्द टाका. कंपनीचं नाव नको, उगाच भांडण लागेल.

गोदाकाठ
"वनस्पतिजन्य एन्झाइम कॉम्प्लेक्स. सर्व पिकांवरील सर्व बुरशीजन्य रोगांसाठी उपयुक्त. मात्रा २ मिली प्रति लिटर." कोणतं एन्झाइम, किती टक्के, काही नाही. मागे हिरव्या पानाचं चित्र.

मोरचूद
चित्राचेच पैसे लावलेत. आम्ही तासगावकडची माणसं, डाऊनीला एक टक्क्याचं बोर्डो. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाने सांगितलं ते याच रोगासाठी, याच पिकावर. दीडशे वर्षं व्हायला आली, अजून त्याला तोड नाही.

शेंडाखुड्या
मोरचूदराव, कोवळ्या फुटीवर एक टक्का? पानं भाजतील की.

मोरचूद
कोवळ्या फुटीवर कोण मारतंय ओ. ते आपलं तत्त्व सांगितलं.

रोगनिदान
गोदाकाठ, तुम्ही आणि तुमचा मेव्हणा दोघंही खरं बोलताय. मी वनस्पतिरोगशास्त्र शिकवून निवृत्त झालो. हा घोटाळा वर्गात दरवर्षी समजावायचो आणि दरवर्षी परीक्षेत मुलं चुकायची.

डाऊनीला आपण बुरशी म्हणतो, पत्रकांतही तसंच छापतात. पण डाऊनीचा जीव, प्लास्मोपारा व्हिटिकोला, खऱ्या बुरशींच्या कुळातलाच नाही. तो ऊमायसीट गटातला, म्हणजे समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा लांबचा भाऊबंद. तंतू काढतो बुरशीसारखे, बीजाणू सोडतो बुरशीसारखे, पण पेशीभोवतीची भिंत वेगळ्या मालाची. भुरीच्या भिंतीत कायटिन असतं. कोळंबीच्या टरफलात आणि झुरळाच्या पाठीत असतं तेच कायटिन. डाऊनीची भिंत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोजची, तिच्यात कायटिन जवळपास नाहीच.

आता एन्झाइमकडे. झाडावर रोग चालून आला की झाड काही खास प्रथिनं तयार करतं. १९७० च्या सुमारास, विषाणू लागलेल्या तंबाखूच्या पानांत ती पहिल्यांदा वेगळी दिसली. पुढे कळलं की त्यातली काही प्रथिनं म्हणजे कायटिन तोडणारं कायटिनेज आणि ग्लुकन तोडणारं ग्लुकनेज. "बुरशीची भिंत विरघळवतं" हे दुकानदाराचं वाक्य इथून आलेलं आहे आणि खोटं नाही. पण तुमच्या बाटलीत मुख्य माल कायटिनेज असेल, तर त्याला भुरीवर तोडायला काहीतरी आहे. डाऊनीवर काहीच नाही.

याहून मोठी अडचण राहण्याच्या जागेची. भुरी पानाच्या अंगावर बसते. बोट फिरवलं की राखेसारखी हाताला लागते. फक्त तिचे शोषक वरच्या थरात रुतलेले असतात. वरून फवारलेलं एन्झाइम तिला थेट भेटतं. डाऊनीचे बीजाणू दवाच्या थेंबात अक्षरशः पोहतात, पानाखालच्या छिद्रांपाशी जातात आणि आत शिरतात. पुढचा सगळा संसार पानाच्या पोटात. तुम्हाला खाली कापूस दिसतो तेव्हा आतलं काम उरकलेलं असतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन, रेणू अगडबंब. तो पानात झिरपत नाही. म्हणून ग्लुकनेज असतं तरी आत शिरलेल्या डाऊनीचं त्याने फार काही बिघडवलं नसतं.

गोदाकाठ
सर, हे मला कुणी पंचवीस वर्षांत सांगितलं नाही. दोन्हीला "बुरशीनाशक द्या" म्हणायचं आणि पुडी घ्यायची, एवढंच.

शंकेखोर
रोगनिदान सर, एक बाळबोध प्रश्न. डाऊनी बुरशी नाही, तर बुरशीनाशकं तिच्यावर चालतात कशी?

रोगनिदान
बाळबोध अजिबात नाही. तांबं, मॅन्कोझेब अशी औषधं पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यांना कूळ-गोत्र बघावं लागत नाही. मेटालॅक्झिल मात्र ऊमायसीटवरच चालतं, भुरीवर शून्य. उलट भुरीवरची ट्रायअझोल गटातली औषधं डाऊनीला लागू पडत नाहीत. म्हणजे रसायनांतही हा भेद आहेच. तिथे तुम्ही "डाऊनीचं" आणि "भुरीचं" असं वेगळं मागता, म्हणून चूक होत नाही. नैसर्गिक म्हटलं की एकाच बाटलीत सगळं बसवतात.

तेजोकाठ
आयडी बघून हसू आलं, गोदाकाठ. मी मूळची नाशिकची, आता लिस्बनला असते. इथली तेजो नदी म्हणून तेजोकाठ. या विषयाशी माझा संबंध खाण्यातून आला.

पोर्तुगालमध्ये बिअरबरोबर खारवलेले पिवळे चपटे दाणे देतात, नाव ट्रेमोसो. ल्युपिन नावाच्या कडधान्याचे. साधा दाणा इतका कडू की दिवसचे दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. त्याची कडवटपणा काढलेली गोड जातही आहे. इथल्या कृषी संस्थेतल्या संशोधकांना त्या गोड ल्युपिनला मोड येताना एक प्रथिन सापडलं. बी रुजल्यावर काही दिवस ते दलांमध्ये साठतं आणि मग नाहीसं होतं. नाव ब्लाड. हे प्रथिन बुरशीच्या कायटिनला चिकटतं आणि ते तोडतं. त्यावरून फवारणीचं औषध निघालं. अमेरिकेत २०१३ साली त्याला नोंदणी मिळाली, युरोपीय संघाने २०२१ मध्ये "गोड ल्युपिनच्या मोड आलेल्या बियांचा जलीय अर्क" या लांबलचक नावाने मान्यता दिली. स्ट्रॉबेरीवरची करडी कूज आणि द्राक्षावरची भुरी ही त्याची नेहमीची कामं. रोगनिदान सर म्हणतात तसंच, औषध स्पर्शजन्य. पानावर जिथे पडेल तिथे.

म्हणजे खरी, तपासलेली वनस्पतिजन्य प्रथिनं आहेत. तुमच्या बाटलीत तसलं काही आहे का, हा प्रश्न वेगळा.

शंकेखोर
तेजोकाठताई, मग मटकीला मोड आणून तिचं पाणी फवारलं तर?

तेजोकाठ
मला हाच प्रश्न पडला होता. मटकीत ब्लाड नाही, ते ल्युपिनमध्येच असतं. मोडाच्या पाण्यात साखर आणि प्रथिनं भरपूर, म्हणजे पानावर बुरशीला आयतं जेवण. उसळ करा.

मोरचूद
+१ उसळीला.

द्राक्षरस
नाशिकच्या एका वायनरीत काम करतो. थोडं अवांतर. मण्यात पाणी उतरायला लागलं की वेल स्वतःच मण्यात कायटिनेज भरायला लागते. ते इतकं चिवट की पांढऱ्या वाइनमध्ये शेवटपर्यंत टिकतं आणि बाटली गरम झाली की वाइन गढूळ होते. ते काढायला आम्ही बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची माती घालतो. तुम्ही जे विकत घेता ते आम्ही पैसे देऊन बाहेर काढतो. 😄

बांधावरची
गोदाकाठदादा, एक विचारू? फवारणीच्या पाण्याचा सामू (पीएच) किती होता? आणि टाकीत दुसरं काही मिसळलं होतं का?

गोदाकाठ
बोअरचं पाणी, आठाच्या पुढे असतं. दुसऱ्या फवारणीत दुकानदाराच्या सांगण्यावरून कॉपरयुक्त पोषकद्रव्य थोडं घातलं होतं.

बांधावरची
मग बाटली खरी असती तरी अवघडच होतं. तांब्याचे आयन बऱ्याच एन्झाइमांचं काम बंद पाडतात. वनस्पतींची कायटिनेजं बहुतेक आम्लधर्मी ते उदासीन पाण्यात चांगली चालतात. शिवाय प्रथिन ऊन लागून, गरम होऊन बिघडतं. दुकानाच्या पत्र्याखाली मे महिन्यात बाटली कुठे ठेवली होती, ते दुकानदारालाच विचारा. अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे.

आलेपाक
सातारा जिल्ह्यातून. आमच्याकडे आल्याला कंदकूज. तीसुद्धा या ऊमायसीटचीच भावकी का?

रोगनिदान
बऱ्याचदा हो. पिथियम हा कंदकुजीतला मुख्य आरोपी आणि तो ऊमायसीटच. पण त्याच्याबरोबर फ्युजॅरियमही असतो आणि ती खरी बुरशी. कधी जिवाणूही. कंद कापून प्रयोगशाळेत दाखवल्याशिवाय औषध ठरवू नका.

फोडणी
शेती माझा प्रांत नाही, पण रसायनशास्त्र आणि स्वयंपाक दोन्ही आहेत, म्हणून घुसते. झाडाची एन्झाइमं बुरशीवर चालतात याचे दोन पुरावे आपल्या ओट्यावरच असतात.

पहिला लसूण. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ठेचली की भपकन येतो. पेशीच्या एका कप्प्यात अ‍ॅलीन असतं, दुसऱ्यात अ‍ॅलीनेज नावाचं एन्झाइम. ठेचल्यावर दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होतं. ते १९४४ साली पहिल्यांदा वेगळं काढलं. अ‍ॅलिसिन भिंत तोडत बसत नाही, पेशीतल्या गंधकयुक्त प्रथिनांवर जाऊन बसतं. म्हणून त्याला कायटिन आहे की नाही याचं देणंघेणं नाही. जर्मनीत आखेन विद्यापीठात लसणाचा रस टोमॅटोच्या उशिरा येणाऱ्या करप्यावर आणि काकडीच्या केवड्यावर तपासला गेला आणि रोग कमी झाला. हे दोन्ही रोग डाऊनीच्याच जातकुळीचे.

आता गंमत अशी की गावोगाव जे अर्क उकळतात त्यात लसूण बऱ्याचदा अख्खा किंवा नुसता कापून उकळत्या पाण्यात टाकतात. उकळीत एन्झाइम मेलं, अ‍ॅलिसिन जन्मालाच आलं नाही. आधी ठेचायचा, दहा मिनिटं ठेवायचा, गार पाण्यात कालवायचा आणि लगेच वापरायचा. अ‍ॅलिसिन फार दिवस टिकत नाही, म्हणून लसणाच्या अर्काची वर्षभर टिकणारी बाटली बघितली की मला शंका येते.

दुसरी मोहरी. लोणच्याला किंवा कोशिंबिरीला मोहरी फेसायची ती गार पाण्यात. फेसता फेसता नाकात झिणझिण्या येतात. तिथे मायरोसिनेज नावाचं एन्झाइम मोहरीतल्या ग्लुकोसिनोलेटवर काम करून तिखट तेल सोडतं. आजी सांगायची, गरम पाणी घातलंस तर मोहरी चढणार नाही. आजीला एन्झाइम माहीत नव्हतं, पण नियम पक्का होता.

आलेपाक
फोडणीताई, या मोहरीचं मी ऐकलंय. जमिनीत गाडतात ना?

फोडणी
हो. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी ते बरंच रुजवलं. मोहरीवर्गीय पीक फुलोऱ्यात आलं की बारीक चिरडून लगेच ओल्या जमिनीत गाडायचं. चिरडणं महत्त्वाचं, नाहीतर दोन्ही कप्पे भेटत नाहीत. तिखट वाफ उडून जाऊ नये म्हणून पाणी देऊन वर रोलर किंवा कागद. पुढचं शेतीवाल्यांनी सांगावं.

बांधावरची
मी सांगते. गाडल्यावर लगेच लागवड करायची नाही, दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर कोवळं मूळ आणि बियाणंही भाजतं. आणि ही वाफ चांगलं-वाईट ओळखत नाही, जमिनीतले उपयोगी जीवही दबतात. नंतर शेणखताबरोबर ट्रायकोडर्मा, म्हणजे मित्रबुरशी, द्यावा.

खानदेशी
भाऊ, पपईच्या चिकाचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे कच्च्या पपईला चिरा देऊन चीक काढतात, त्यात पपेन. एक जण म्हणतो चीक पाण्यात कालवून मिरचीवर भुरीला मारा.

बांधावरची
पपईच्या चिकात पपेनशिवाय कायटिनेजही असतं, हे खरं. पण पपेन प्रथिनं खातं, म्हणजे त्याच बादलीतलं दुसरं एन्झाइमही कालांतराने खाऊ शकतं. आणि मुख्य म्हणजे तो चीक माणसाची कातडी खातो. चीक काढणाऱ्या बायांचे हात बघितलेत का? फवारा डोळ्यात गेला तर? मी तरी हे करणार नाही.

खानदेशी
बरोबर आहे ताई. माझ्या आईच्या बोटांची सालं निघायची.

कलमबहाद्दर
कायद्याची बाजू राहिली. रोग किंवा कीड मारण्याचा दावा करणाऱ्या मालाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय मंडळाची नोंदणी लागते. वनस्पतिजन्य असो, जैविक असो, सूट नाही. "बायोस्टिम्युलंट" हा वेगळा खण. तो २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात आला. त्यात वनस्पती अर्क, प्रथिनांचे तुकडे, समुद्री शेवाळ वगैरे बसतं, पण असा माल झाडाची वाढ, ताण सहन करणं एवढ्यावरच विकता येतो. "सर्व बुरशीजन्य रोगांसाठी" असं छापलं की खण बदलतो.

गोदाकाठ, बाटलीवर नोंदणी क्रमांक शोधा. पावती घेतली होती का?

गोदाकाठ
क्रमांक नाही. पावतीही नाही, वहीत नाव लिहिलंय.

कलमबहाद्दर
मग तक्रार करून फार उपयोग नाही. पण उरलेली बाटली फेकू नका. तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाला दाखवता येईल.

मोरचूद
अहो, पण दुकानदाराला तरी किती बोलणार? २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढरोधकापायी युरोपात आपला माल अडकला तेव्हापासून बागायतदाराला रेसिड्यू म्हटलं की घाम फुटतो. "शून्य रेसिड्यू" म्हणणाऱ्याला आपण दार उघडं ठेवलंय.

रोगनिदान
मोरचूदरावांशी पहिल्यांदाच पूर्ण सहमत.

काढणी जवळ आल्यावर भुरीसाठी रसायन टाळायचं असेल तर नोंदणी असलेले जैविक पर्याय आपल्याकडे आहेत. ट्रायकोडर्मा तर स्वतःच कायटिनेज आणि ग्लुकनेजचा चालता कारखाना. तो दुसऱ्या बुरशीला वेढे घालतो आणि जागेवरच एन्झाइम सोडतो, बाटलीतून आणावं लागत नाही. अँपेलोमायसिस क्विस्क्वालिस नावाची बुरशी तर भुरीच्या पोटातच वाढते. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी बघून घ्या. फक्त ट्रायकोडर्माच्या आगेमागे तांब्याची फवारणी नको, आणि अँपेलोमायसिसबरोबर गंधक नको. दोन्हीही जिवंत बुरशीच आहेत.

शंकेखोर
सर, मग मेव्हण्याच्या बागेत बाटलीनेच भुरी आटोक्यात आली, असं म्हणायचं का?

रोगनिदान
ते कोणालाच सांगता येणार नाही. त्यांनी न फवारलेली ओळ सोडली होती का?

गोदाकाठ
आत्ताच फोन केला. नव्हती सोडली. वर अशी कबुली दिली की त्या महिन्यात गंधकही दोनदा मारलं होतं, ८० टक्क्यांचं, लिटरला दोन ग्रॅम. ते मला सांगायला विसरला! बहिणीसमोर बोलायला नको म्हणून फोन ठेवला.

मोरचूद
खिक्. आलं ध्यानात, कोणी भुरी मारली ते.

तेजोकाठ
गंधकाने मारली असेल, बाटलीनेही थोडी मारली असेल. म्हणूनच ओळ सोडायची असते ना.

गोदाकाठ
ठरलं. वाळलेले घड आणि डागाळलेली पानं काढून बागेबाहेर नेतोय. डाऊनीसाठी पुन्हा नेहमीच्या औषधावर आलोय. डिसेंबरात थंडी पडून भुरीचे दिवस आले की बाटलीतलं उरलेलं चार ओळींवर मारेन, पाण्याचा सामू खाली आणून आणि काहीही न मिसळता. चार ओळींवर गंधक, दोन ओळींवर फोडणीताईंचा ताजा ठेचलेला लसूण, आणि चार ओळी कोऱ्या. निकाल इथेच लिहीन, मग तो काही का लागेना.

रोगनिदान
उत्तम. पण कोऱ्या चारही ओळी एका टोकाला नको. बांधाकडच्या ओळीत हवा वेगळी, मधल्या ओळीत वेगळी. प्रत्येक प्रकार बागेत विखरून ठेवा, खांबांना रंगीत चिंध्या बांधा आणि पानं मोजणाऱ्याला कोणत्या रंगाला काय मारलंय ते सांगू नका.

फोडणी
लसूण आधी चार वेलींवर मारून दोन दिवस थांबा. रस घट्ट झाला तर पान भाजतं. आणि मणी मोठे झाल्यावर नको, वास बसेल.

गोदाकाठ
बरं. मोजायला मुलीला बसवतो, ती दहावीला आहे, तिला काही सांगायचं नाही म्हणजे झालं. चार ओळी कोऱ्या सोडायला आई तयार नाही, म्हणते डोळ्यांदेखत बाग जाळायची का. रात्री जेवताना तिच्याशी बोलतो.